पोटची, पाठची

कौसाबाई साडेनऊला येतात,
जनता वसाहतीतून दोन बस बदलून.
पिशवीत तेलाची बाटली, ओव्याची पुरचुंडी,
आणि बाणेरच्या आमच्या लिफ्टबद्दल रोज एक नवी तक्रार.
बाथरूममध्ये पाटावर बसतात, पाय लांब सोडतात,
नडग्यांच्या खोबणीत माझी लेक निजवतात.
टाळूवर तेल थापताना तिच्याशी अखंड बोलणं:
"कुणाचं गं नाक हे? आईचं तर नाही."
(खरंय. नाक रेमाकडचं.)
लेक त्यांच्या डोळ्यांत बघते,
तांब्यातलं पाणी तोंडावरून गेलं
तरी बघतच राहते.

माझ्या फोनमध्ये ॲप आहे.
किती झोपली, किती रडली, कुठल्या बाजूला पाजलं.
दर मंगळवारी ते मला शाबासकी देतं.

मग ऐझॉलहून रेमाची आई आली.
तिला आम्ही पी म्हणतो.
हिंदी थोडी, तीही लाजत लाजत.
पहिल्याच संध्याकाळी तिनं बॅगेतून पुआन काढलं,
कमरेत वाकली, बाळाला पाठीवर सरकवलं,
एक टोक खांद्यावरून, एक काखेखालून,
छातीशी गाठ,
आणि भांडी घासायला लागली.
मी धावले. मान! तिची मान!
लेक झोपली होती.

दुसऱ्या दिवशी कौसाबाईंनी ते पाहिलं, तेलाचे हात तसेच अधांतरी.
"तोंड दिसत नाही ते काय पोर घेणं?
हसलं, रडलं, कळायचं कसं?"
प्रश्न माझ्याकडून रेमाकडे गेला,
त्यानं मीटिंग म्यूट करून तो आईला दिला.
पीनं हातातलं पातेलं आधी विसळून घेतलं.
"श्वास लागतो पाठीला," ती म्हणाली.
"आणि माझं तोंड बघून तिला काय मिळणार?
मी बघते ते बघू दे."

त्या दिवशी न्हाऊ घालताना कौसाबाई गप्प होत्या.
लेकीला पंचात गुंडाळल्यावर म्हणाल्या,
"माझी धाकटी थोरलीनं वाढवली.
थोरली तेव्हा आठ वर्षांची.
मी पहाटे बाहेर, लोकांच्या पोरांना न्हाऊ घालायला.
ही काखेत बहीण घेऊन पाण्याच्या रांगेत,
काखेत घेऊन शाळेच्या फाटकापर्यंत,
आणि तशीच परत.
आता धाकटी चोविशीची. ठेच लागली
तर आई गं म्हणत नाही.
ताई गं म्हणते."
बाटलीचं झाकण लावलं, उघडलं, परत लावलं.

पोटचं पोर म्हणतो आपण, पाठची बहीण म्हणतो.
पाठीशी उभे राहतो, पाठ फिरवतो.
हे सगळं मी शाळेत वाक्यात उपयोग करून दाखवलेलं आहे,
पाचापैकी पाच मार्क.

लसीच्या दिवशी ताप चढला.
संध्याकाळपर्यंत मी, रेमा, पाळणा, पंखा,
सगळे नापास.
कौसाबाई तेल विसरल्या म्हणून परत आल्या होत्या,
बाटली त्यांच्या पिशवीतच होती.
पी दिवसभर उभी, तिचे गुडघे सुजलेले.
तिनं पुआन पुढे केलं.
कौसाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग पदर खोचला,
वाकल्या.
पीनं गाठ मारली, एकदा ओढून बघितली.

बाल्कनी ते दार, दार ते बाल्कनी.
कौसाबाई काही बोलत नव्हत्या.
बाराव्या की पंधराव्या फेरीला थबकल्या,
"लागतोय," म्हणाल्या.

ॲपनं विचारलं, बाळ कुठे आहे?
पाळणा, मांडी, पलंग, गाडी.
मी "इतर" दाबलं.

तेवढ्यात कौसाबाईंचा फोन. थोरली.
आई, शेवटची बस जाईल, आहेस कुठं?
"हळू बोल," कौसाबाई कुजबुजल्या,
"पाठीवर पोर आहे."

पलीकडे
बराच वेळ कुणी बोललं नाही.